‘एंटर द ड्रॅगन’ घरी आणताना: कव्हर नव्हे, प्रिंट पाहून पैसे मोजा

ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ फुटपाथवर पन्नास-शंभर रुपयांत मिळतो. जुन्या बाजारात तीन-चारशेला मिळतो. परदेशातून ४के डिस्क मागवली, तर दारात येईपर्यंत साडेपाच-पावणेसहा हजारांचं बिल होतं. सिनेमा तोच: १९७३ सालचा, रॉबर्ट क्लाउजने दिग्दर्शित केलेला, साडेआठ लाख डॉलरच्या आसपास हाँगकाँगमध्ये उरकलेला. मग किमतीतला हा फरक कशाचा, आणि त्यातला किती भाग आपल्या डोळ्यांना खरोखर दिसतो?

व्हीसीडीच्या दिवसांत लायब्ररीत शिरलेलं गिऱ्हाईक आधी एकच विचारायचं, ‘प्रिंट कशी आहे?’ डिस्क कितीही सुधारल्या तरी आजही पहिला प्रश्न हाच हवा. कव्हरवरच्या ‘४के’ या दोन अक्षरांपेक्षा आतली प्रिंट कशावरून काढली, ती किती घासूनपुसून ‘स्वच्छ’ केली आणि तुमच्या घरातला टीव्ही तिचं काय करतो, यावर पैसे वसूल होणं अवलंबून आहे. म्हणून खर्चाचा क्रमही ठरवून घ्या. आधी टीव्हीची सेटिंग, ती फुकट आहे. मग चांगली ब्लू-रे, मग प्लेअर आणि ४के सगळ्यांत शेवटी.

मारामारीत डिस्कची लबाडी उघडी पडते

दोन माणसं टेबलाशी बसून बोलत असतील, तर साधारण डिस्कही खपून जाते. मारधाडपटात तसं होत नाही. तळघरातल्या गुहेत ब्रूस ली नानचाकू फिरवतो तो प्रसंग आठवा. उजेड कमी, मागे खडबडीत भिंती, मध्ये उघडं अंग आणि काखेतून खांद्यावर, खांद्यावरून कमरेपाशी भिरभिरणाऱ्या दोन काठ्या. सेकंदाला २४ चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात त्या काठ्या प्रत्येक चित्रात वेगळ्याच जागी असतात, त्याही किंचित पुसट.

फिल्मवर बारीक रवाळ कण असतात. बऱ्याच कंपन्या ते काढून टाकायला संगणकाचा ‘नॉइज रिडक्शन’ लावतात. ही प्रक्रिया शेजारशेजारची चित्रं ताडून पाहते; जे एका चित्रात आहे आणि पुढच्यात नाही, ते तिच्या लेखी कचरा. फिल्मचे कण जसे क्षणात येतात-जातात, तशीच नानचाकूची काठीही. प्रक्रिया जोरात लावली की काठीची कड विरते, मुठीमागे धुरकट शेपूट उमटतं आणि चेहरा मेणाचा दिसू लागतो. दुकानातल्या टीव्हीवर असं चित्र ‘एकदम क्लीन’ वाटतं. घरी शांतपणे पाहताना लक्षात येतं की घामाचे थेंबही त्या सफाईत गेलेत.

तपासायची पद्धत सोपी आहे. नानचाकू फिरत असताना पॉज करा. एकच, हलल्यामुळे पुसटलेली काठी दिसली तर ठीक. एकावर एक अशा दोन फिक्या काठ्या दिसल्या, तर ती प्रिंट अमेरिकी पद्धतीच्या व्हिडिओवरून आपल्या पाल पद्धतीत उलटवलेली आहे. दोन चित्रांची सरमिसळ करून तिसरं चित्र बनवलं, की असं भूत तयार होतं. जुन्या हाँगकाँगपटांच्या स्वस्त डीव्हीडींत हा दोष हमखास सापडतो आणि तो कुठल्याही महागड्या प्लेअरने जात नाही.

दुसरी तपासणी शेवटच्या आरसेमहालात करा. आरशांच्या मधल्या काळ्या पट्ट्या पाहा. त्या काळ्याच राहिल्या पाहिजेत. त्यांत राखाडी चौकडे थरथरताना दिसले, तर डिस्कमध्ये माहिती कमी भरली आहे. तिसरी तपासणी शेवटच्या हाणामारीत: खलनायक हानच्या माणसांच्या पांढऱ्या पोशाखावर सुरकुत्या दिसतात का? सगळं पांढरं एकजीव झालं असेल, तर चमक वाढवण्याच्या नादात तपशील उडाला.

एक खुलासा मात्र हवा. सिनेमाची सुरुवातीची नावं, एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळत जाणारे बदल, असे काही तुकडे त्या काळी प्रयोगशाळेत फिल्मची दुबार कॉपी काढून बनवत. ते बाकीच्या सिनेमापेक्षा जरा पुसटच दिसणार, पाच हजारांच्या डिस्कवरही. त्याबद्दल दुकानदाराशी भांडू नका.

कुठल्या डिस्कमध्ये किती मावतं

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. पाल डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, ब्लू-रेचं १९२० बाय १०८० आणि ४के डिस्कचं ३८४० बाय २१६०. हे आकडे कव्हरवर असतात. मारधाडपटाला त्याहून महत्त्वाचा आहे तो दर सेकंदाला डिस्कवरून उचलल्या जाणाऱ्या माहितीचा वेग. व्हीसीडीत चित्राला सुमारे १.१५ मेगाबिट मिळतात. डीव्हीडीत कमाल ९.८, ब्लू-रेत कमाल ४०, तर ४के डिस्कचा एकूण वेग १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. ओटीटीवरचा ४के सिनेमा साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये भागवतो. पडद्यावर पंचवीस माणसं एकदम हलू लागली, की ही तफावत उघड दिसते.

आता फुटपाथवरच्या ‘सिक्स इन वन’ डीव्हीडीचा हिशेब करू. एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी. तीत शंभर-शंभर मिनिटांचे सहा सिनेमे कोंबले, तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला जेमतेम एक मेगाबिट येतो. म्हणजे डीव्हीडीच्या नावाखाली हातात पडते ती व्हीसीडीच, किंबहुना तिच्याहून थोडी कमीच. शिवाय ती चोरीची असते, बिल नसतं आणि बदलून मिळायची सोय नसते. डिस्कची खालची बाजू जांभळट-निळसर दिसली, तर ती घरगुती राइट केलेली समजा. कारखान्यात छापलेली डीव्हीडी खालून चंदेरी असते.

स्वस्त म्हणजे चोरीचंच, असंही नाही. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून बाजार हलवून सोडला होता. मात्र भारतातला अधिकृत डिस्कचा धंदा पुढे आटत गेला. मुंबईत काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आज नवी डिस्क हवी असेल तर बहुतेक वेळा आयातच करावी लागते आणि खर्चाचं सगळं गणित तिथेच फिरतं.

कोणती आवृत्ती घ्यावी

‘एंटर द ड्रॅगन’ दोन लांबीत मिळतो. १९७३ मध्ये अमेरिकेत लागला तो ९९ मिनिटांचा. १९९८ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त निघालेल्या ‘स्पेशल एडिशन’मध्ये सुरुवातीचा ब्रूस ली आणि मठातल्या वृद्ध गुरूंचा संवाद जोडला, तो १०२ मिनिटांचा. आता गंमत अशी, की पाल डीव्हीडीत २४ चित्रांचा सिनेमा सेकंदाला २५ चित्रांनी पळतो. म्हणजे तो चार टक्के जास्त वेगाने धावतो आणि आवाजाची पट्टीही थोडी चढते. १०२ मिनिटांची आवृत्ती पाल डीव्हीडीवर ९८ मिनिटांत संपते. तेव्हा कव्हरवर ९८ मिनिटं दिसली तर सिनेमा कापला असंही समजू नका आणि मूळ छोटी आवृत्ती मिळाली असंही नाही. मूळ ९९ मिनिटांची आवृत्ती पाल डीव्हीडीवर ९५ मिनिटांत आटपते. ब्रूस लीचा वेग मुळातच अफाट. त्यात पदरचे चार टक्के घालायची गरज नाही. ब्लू-रे आणि ४के डिस्क २४च्या मूळ गतीने चालतात. डीव्हीडीवरून ब्लू-रेवर जाण्याचं हे एक सबळ कारण.

ब्लू-रेत वॉर्नर कंपनीची पहिली आवृत्ती २००७ची, चाळिसाव्या वर्षाची २०१३ची. जुन्या बाजारात दोन्ही दिसल्या तर २०१३ची उचला. घासाघीस करून तीन-चारशेत मिळाली तर सौदा उत्तम; सातशेच्या वर जाऊ नका.

अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने २०२० मध्ये ‘ब्रूस ली: हिज ग्रेटेस्ट हिट्स’ हा सात ब्लू-रे डिस्कचा संच काढला. छापील किंमत १२४.९५ डॉलर. त्यात ‘द बिग बॉस’, ‘फिस्ट ऑफ फ्युरी’, ‘द वे ऑफ द ड्रॅगन’, ‘एंटर द ड्रॅगन’ आणि ‘गेम ऑफ डेथ’ आहेत. ‘एंटर द ड्रॅगन’च्या दोन्ही लांबीच्या आवृत्त्या आहेत आणि ९९ मिनिटांच्या आवृत्तीला मूळ मोनो आवाज आहे. अमेरिकेत बार्न्स अँड नोबल ही पुस्तकांची दुकानं बरीच वर्षं जुलै आणि नोव्हेंबरमध्ये क्रायटेरियनच्या डिस्क निम्म्या किमतीत विकत आली आहेत. त्या सेलमध्ये हा संच साधारण ६२ डॉलरला पडतो, म्हणजे पाच सिनेमांचे प्रत्येकी बारा-तेरा डॉलर. गुणवत्ता आणि किंमत यांचा मेळ पाहिला, तर माझ्या मते याहून चांगला व्यवहार नाही.

वॉर्नरची ४के डिस्क २०२३ची, पन्नासाव्या वर्षाची. तिच्यावर दोन्ही आवृत्त्या आहेत, एचडीआर म्हणजे काळोखातला तपशील आणि रंगांची खोली वाढवणारी सोय आहे आणि सभोवार पसरणारा ॲटमॉस आवाज आहे. चित्रापुरतं बोलायचं तर आजवरच्या घरगुती डिस्कमध्ये सर्वांत वरची हीच. रात्री काळ्या पोशाखात ब्रूस ली हानच्या बेटावर टेहळणी करतो, तिथे काळ्यावर काळं वेगळं दिसतं. जुन्या डीव्हीडीवर त्याच जागी नुसता चेहरा आणि दोन हात तरंगत असतात.

ब्रूस लीचे बाकीचे हाँगकाँगपट घ्यायचे तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांचं ४के जीर्णोद्धाराचं काम इटलीत बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोव्हाता’ या प्रयोगशाळेत झालं. चित्र रेखीव आलं, पण रंग पिवळट-हिरवट झाल्याची तक्रार संग्राहक सातत्याने करत आले. क्रायटेरियनच्या संचातले ते सिनेमे याच कामावर बेतलेले आहेत. ब्रिटनच्या ॲरो कंपनीने २०२३ मध्ये ‘ब्रूस ली ॲट गोल्डन हार्वेस्ट’ हा वेगळा ४के संच आणला. मूळ कामाचा दर्जा चांगला असूनही रंग मनाला पटत नाही, असं होऊ शकतं. म्हणून संच मागवण्याआधी दोन्ही संचांतली तीच फ्रेम शेजारी-शेजारी ठेवून पाहा. अशी तुलनाचित्रं इंटरनेटवर फुकट मिळतात. माणसांच्या त्वचेकडे आणि पांढऱ्या कपड्यांकडे बघा. तिथे रंगाची चोरी लपत नाही.

आवाजाचं म्हणाल, तर कव्हरच्या मागे ‘मोनो’ लिहिलंय का ते आधी शोधा. मूळ सिनेमा मोनोत होता. ५.१ किंवा ॲटमॉस करताना काही कंपन्या ठोशांचे नवे आवाज चिकटवतात आणि मग मुठीऐवजी गोदामाचं दार आपटल्यासारखं ऐकू येतं. लालो शिफ्रिनचं संगीत मात्र मोठ्या संचावर पसरून ऐकायला झकास वाटतं. ज्या डिस्कवर दोन्ही पर्याय आहेत ती घ्यावी. घरी फक्त टीव्हीचेच स्पीकर असतील, तर ॲटमॉसचे जादा पैसे वाया गेले म्हणून समजा.

रिजनची भानगड

कुठली डिस्क कुठल्या देशातल्या प्लेअरवर चालेल, हे ठरवणारं कुलूप म्हणजे रिजन. डीव्हीडीत भारत रिजन ५मध्ये येतो, अमेरिका १मध्ये, ब्रिटन २मध्ये, हाँगकाँग ३मध्ये. ब्लू-रेत भारत ‘सी’, अमेरिका आणि हाँगकाँग ‘ए’, ब्रिटन ‘बी’. भारतात विकत घेतलेला ब्लू-रे प्लेअर बहुधा ‘सी’वर बांधलेला असतो. त्यात क्रायटेरियनचा ‘ए’ संच घातला, की पडद्यावर चूक झाल्याची पाटी येते आणि हजारोंचा संच शोभेचा होतो.

४के डिस्कला रिजनच नाही. अमेरिकेतली, ब्रिटनमधली, जपानमधली, कुठलीही ४के डिस्क कुठल्याही ४के प्लेअरवर चालते. भारतीय गिऱ्हाइकाला हा मोठाच दिलासा. फक्त ४केच्या डबीत जोडीला दिलेल्या ब्लू-रेला रिजन असू शकतो. आणि जादा मुलाखती, माहितीपट अनेकदा त्याच डिस्कवर असतात. वॉर्नरच्या बहुतेक ब्लू-रे रिजनमुक्त असतात. क्रायटेरियनच्या ‘ए’पुरत्याच असतात.

क्रायटेरियन किंवा ॲरोच्या ब्लू-रे जमवायचा बेत असेल, तर सर्व रिजन चालवणारा प्लेअर हवा. त्यासाठी नेहमीच्या प्लेअरच्या किमतीवर पाच ते नऊ हजार जादा धरा. डीव्हीडीचा रिजन बऱ्याच प्लेअरमध्ये रिमोटवरच्या आकड्यांनी उघडतो. ब्लू-रेचा असा सहसा उघडत नाही. ‘सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणणाऱ्याला त्याच्याच दुकानात ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन्ही डिस्क चालवून दाखवायला सांगा, मगच पैसे द्या.

परदेशातून मागवण्याचा खरा खर्च

समजा, अमेरिकेतल्या दुकानात ४के डिस्क २५ डॉलरला आहे. हिशेबासाठी डॉलर ९० रुपयांचा धरू.

कुरिअरने एकच डिस्क मागवली तर: डिस्क २५ डॉलर, टपाल १५ डॉलर, एकूण ४० डॉलर म्हणजे ३,६०० रुपये. त्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून मी ४५ टक्के धरतो, ते १,६२०. कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार ५००. एकूण ५,७२० रुपये. शुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक हलतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचा दर कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहून हा ४५चा आकडा बदलून घ्या.

तीन डिस्क एकत्र मागवल्या तर: डिस्क ७५ डॉलर, टपाल साधारण २२, एकूण ९७ डॉलर म्हणजे ८,७३० रुपये. शुल्क सुमारे ३,९३०, हाताळणी ५००. बेरीज १३,१६० रुपये, म्हणजे एक डिस्क ४,३९० रुपयांना. एकेकटी मागवण्यापेक्षा दर डिस्कमागे तेराशे रुपये वाचले.

पुतण्या किंवा मावसबहीण न्यू जर्सीहून दिवाळीला येणार असेल तर: डिस्क २५ डॉलर, तिथला विक्रीकर ६.६२५ टक्के, एकूण २६.६६ डॉलर म्हणजे २,४०० रुपये. प्रवाशाच्या सामानाला ठरावीक रकमेपर्यंत शुल्कमाफी असते आणि चार डिस्क तिच्यात आरामात बसतात. निम्म्याहून कमी खर्चाची ही वाट. फक्त त्यांना ऑर्डर आधी करू द्या आणि दुकानाचं बिल सामानात ठेवायला सांगा. पंधरा-वीस डिस्कची यादी पाठवून कुणाच्या बॅगेचं वजन वाढवू नका.

ब्रिटनच्या दुकानातून घेताना किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो. माल देशाबाहेर जाणार असेल तर काही दुकानं तो वजा करतात, काही करत नाहीत. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर भारताचा पत्ता टाकल्यावर रक्कम उतरते का, ते पाहा. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकार वेगळा लागतो. बहुतेक कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्के असतो.

प्लेअर: पन्नास हजारांपूर्वी थांबा

घरात ब्लू-रे प्लेअर किंवा प्लेस्टेशन ४ असेल, तर नवीन काहीच घेऊ नका. प्लेस्टेशन ४ ब्लू-रे चालवतो, ४के डिस्क चालवत नाही. जुना चालू ब्लू-रे प्लेअर चार ते सात हजारांत मिळतो. घेताना सोबत रिमोट आहे ना, ट्रे न अडखळता उघडतो ना, आणि डिस्कच्या शेवटच्या प्रकरणावर उडी मारली तरी चालतो ना, हे बघा. झिजलेली लेन्स बहुधा त्याच टोकाला गचके खाते.

४केसाठी निवड आकसली आहे. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये या धंद्यातून अंग काढलं, पुढे एलजीनेही आवरतं घेतलं. उरले मुख्यतः सोनी आणि पॅनासॉनिक. सोनीचा साधा ४के प्लेअर आयात होऊन २५ ते ३५ हजारांत पडेल असं धरा, पॅनासॉनिकचा वरचा साठ हजारांच्या पुढे. डिस्कच्या खाचेचा प्लेस्टेशन ५ पन्नास-पंचावन्न हजारांत येतो आणि ४के डिस्क चालवतो. घरात मुलं गेम खेळणारी असतील, तर एका खर्चात दोन कामं होतात. खाच नसलेला ‘डिजिटल’ प्लेस्टेशन चुकून घेऊ नका. प्लेस्टेशन ५ डिस्कवरून डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा वरचा प्रकार दाखवत नाही, पण ‘एंटर द ड्रॅगन’ची ४के डिस्क साध्या एचडीआरचीच असल्याने इथे त्याने काही बिघडत नाही.

अमेरिकेतून प्लेअर आणवत असाल, तर मागची पट्टी वाचा. ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर फक्त पिन बदला. नुसतं ‘१२० व्होल्ट’ असेल तर थेट आपल्या सॉकेटला लावू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचे हजार-पंधराशे आणखी जोडा. वॉरंटी इथे लागू होत नाही, हेही हिशेबात धरा. एचडीएमआय केबल ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली घ्या. पाचशे ते हजारात मिळते. पाच हजारांची केबल चित्र अधिक सुंदर करते, असं सांगणारा विक्रेता स्वतःचं कमिशन सुंदर करत असतो.

टीव्ही: आधी फुकटची दुरुस्ती

नवा टीव्ही घरी येतो तो झगमगाटाच्या सेटिंगवर. त्यात चित्र ‘स्मूथ’ करणारी एक सोय चालूच असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतः तिसरं चित्र रचून घालतो. क्रिकेटला ते बरं दिसतं. मारामारीत त्यामुळे ठोशाचा झटका नाहीसा होतो आणि सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. ही सोय बंद करा. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ किंवा ‘सिनेमा’ असेल तो लावा, ‘शार्पनेस’ उतरवा, टीव्हीचा स्वतःचा ‘नॉइज रिडक्शन’ बंद करा. प्लेअरमध्ये ‘२४पी’ चालू करा. खर्च शून्य, आणि फरक अनेकदा डीव्हीडीवरून ब्लू-रेवर जाण्याइतका.

टीव्हीचा आकार आणि बसण्याचं अंतरही मोजा. ५५ इंची टीव्हीसमोर सात फुटांपेक्षा लांब बसलात, तर सामान्य नजरेला ब्लू-रेचे ठिपकेसुद्धा सुटे दिसत नाहीत. मग ४केचे चौपट ठिपके कुठून दिसणार? ४३ इंचीला हेच अंतर साडेपाच फुटांचं. आपल्या बहुतेक हॉलमध्ये सोफा याहून मागेच असतो. तरीही ४के डिस्कचा उपयोग होतो, पण तो एचडीआरमुळे: काळोखातला तपशील आणि रंगांची खोली लांबूनही जाणवते. त्यासाठी टीव्ही मात्र तसा उजळ हवा. तीस हजारांच्या आतल्या टीव्हीवर ‘एचडीआर’ हा शब्द बऱ्याचदा खोक्यापुरताच असतो. अशा टीव्हीवर ब्लू-रे आणि ४के शेजारी लावल्या, तर ब्लू-रे उलट उजळ आणि स्पष्ट दिसू शकते.

तीन खिसे, तीन हिशेब

पाच हजारांच्या आत: घरात चालू ब्लू-रे प्लेअर किंवा प्लेस्टेशन ४ आहे. टीव्हीची सेटिंग बदला, २०१३ची वॉर्नर ब्लू-रे जुनी तीन ते सातशेत किंवा नवी दीड-दोन हजारांत घ्या. उरलेल्या पैशांत केबल. बहुतेक घरांना एवढं पुरे.

पंधरा ते वीस हजार: सर्व रिजनचा ब्लू-रे प्लेअर दहा-बारा हजारांत आणि क्रायटेरियनचा संच सेलमध्ये, कुणा नातेवाइकामार्फत सहा हजारांच्या आसपास. ब्रूस लीचे पाचही सिनेमे घरात येतात, शिवाय पुढे हाँगकाँगचे इतर मारधाडपट घ्यायची वाट मोकळी होते. ब्रूस लीचा नाद असलेल्यांनी याच गटात थांबावं.

पस्तीस हजार ते साठ हजार: ४के प्लेअर किंवा प्लेस्टेशन ५, आणि २०२३ची ४के डिस्क. ५५ इंच किंवा मोठा, चांगल्या उजेडाचा टीव्ही आधीपासून असेल आणि महिन्याला दोन-तीन डिस्क बघणार असाल तरच. एका सिनेमापायी हा खर्च करू नका; त्याच सिनेमाला ओटीटीवर शंभर-दीडशे रुपये भाडं पडतं.

जुनी डिस्क घेताना, फसगत झाल्यावर

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, शहराशहरांतली बंद पडत आलेली सीडी लायब्ररी: चांगला माल अजून इथे निघतो. डिस्क उजेडात तिरकी धरा. मध्यापासून कडेकडे गेलेले चरे बहुधा चालून जातात. वर्तुळात, गोलाईने गेलेले चरे घातक. ब्लू-रेवर कडक लेप असतो, पण तिची माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते, डीव्हीडीची ०.६ मिलिमीटर. त्यामुळे घासून गुळगुळीत करायचं दुकानदारी मशीन डीव्हीडीला चालतं, ब्लू-रेला कधीही नाही. कोकणात आणि पावसाळ्यात डिस्क उभ्या, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. कागदी पाकिटात ठेवू नका, दमट हवेत कागद चिकटतो.

ऑनलाइन ‘इम्पोर्टेड, ओरिजिनल’ असं लिहिलेली आणि किंमत संशय यावा इतकी कमी असलेली संचांची जाहिरात दिसली, तर विक्रेत्याचं पूर्ण नाव-पत्ता, मालाचा मूळ देश आणि परतीची अट वाचा. ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती देणं बंधनकारक आहे. पार्सल उघडतानाचं चित्रीकरण न थांबवता करा, त्यात डिस्कची खालची बाजूही दाखवा. बनावट किंवा सदोष माल निघाला तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. हे सगळं बिल असेल तरच सोपं जातं. म्हणून जुन्या बाजारातही सातशेची डिस्क घेताना निदान एका चिठ्ठीवर दुकानदाराची सही, तारीख आणि किंमत लिहून घ्या. पैसे यूपीआयने दिलेत तर नोंद आपोआप राहते.